नशापाण्यातले नुसते पाणी

मी आयुष्यात गांजाला हातही लावलेला नाही, हे या महिन्यात चौथ्यांदा लिहून देत आहे, आणि या खेपेस तर कोणी मागितलेले नसताना देत आहे. काल एचआरकडून आलेल्या पत्रात नशेच्या चाचणीसाठी दिलेल्या माझ्या लघवीचे वर्णन 'निगेटिव्ह, परंतु पातळ' असे केलेले असून त्यातला 'परंतु' मला अजून डाचतो आहे. सोमवारी पुन्हा नमुना द्यायचा आहे आणि या वेळी पाणी बेताने प्यायचे आहे.

कंपनीत चिठ्ठ्या टाकून चाचणीसाठी नावे काढली जातात आणि एरवी कोणत्याही सोडतीत न निघणारे माझे नाव इथे बरोबर निघाले. पुढचा विधी थोडक्यात सांगतो. खिसे रिकामे करायचे, हात धुवायचे, संडासाच्या भांड्यातल्या पाण्यात निळा रंग घातलेला असतो त्याकडे पाहून आपण तिथून पाणी चोरू शकलो असतो हे प्रथमच लक्षात घ्यायचे आणि ४५ मिलिलिटर नमुना आणून द्यायचा. चार मिनिटांच्या आत त्याचे तापमान पाहतात आणि ते ३२ ते ३८ अंशांच्या मध्ये असावे लागते. दाराबाहेर कोणीतरी वाट पाहत उभे आहे या जाणिवेने माझ्या शरीराने असहकार पुकारला आणि ४५ च्या जागी जेमतेम १८ मिलिलिटर हाती लागले. नमुना घेणाऱ्या बाईंनी ते शांतपणे ओतून टाकले, माझ्यापुढे पाण्याची बाटली ठेवली आणि तीन तासांची मुदत दिली.

बाकावर शेजारी एक काका बसले होते आणि त्यांच्या पलीकडे त्यांचा भाचा. भाच्याला नव्या नोकरीसाठी चाचणी द्यायची होती. त्याच्या डोक्याचा तुळतुळीत गोटा केलेला होता आणि तो समोरच्या भिंतीकडे अशा नजरेने पाहत होता, की माझा स्वतःचा अपमान मला क्षणभर किरकोळ वाटला.

"पहिलीच वेळ का?" काकांनी विचारले.

मी होय म्हणालो, आणि मी गांजा ओढत नाही हेही ओघात सांगितले. काकांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. "सगळे असंच सांगतात हो. आधी पाणी प्या. पाण्याने सगळं वाहून जातं."

सगळे म्हणजे काय, हे विचारण्याची बुद्धी मला तेव्हा व्हायला हवी होती. पण ज्याने काही केलेले नसते, त्याच्याच तोंडचे पाणी आधी पळते, आणि समोर भरलेली बाटली असल्यामुळे ते परत आणणेही सोपे होते. मी प्यायलो. प्रत्येक घोटाबरोबर काका एकेक गुपित सांगत गेले. केसांतला अंश तीन महिने राहतो, म्हणून भाच्याचे डोके त्यांनी स्वतः उभे राहून भादरून घेतले होते. चाचणी केसांची नसून लघवीची आहे, हे मी हळूच निदर्शनास आणले, तेव्हा ते म्हणाले, "आयत्या वेळी बदलतात ते." केस खरोखर तपासतात तेव्हा डोक्यावर नसले तर छातीचे किंवा पायांचे घेतात आणि ते सावकाश वाढत असल्यामुळे उलट अधिक जुना काळ सांगू शकतात, हे मी नंतर वाचले. ते काकांना तेव्हा सांगता आले असते, तर त्या मुलाचे काय झाले असते याची कल्पना करवत नाही.

"आठवडाभर खसखस बंद केली याची," काका पुढे म्हणाले. हे ऐकून बाकावर खसखस पिकायला हरकत नव्हती, परंतु कोणी हसले नाही. खसखस अफूच्या झाडाची असते. तिच्यामुळे मॉर्फिनचा अंश सापडू शकतो आणि त्यासाठीच अमेरिकेच्या सरकारी नियमांतली मर्यादा १९९८ मध्ये मिलिलिटरमागे ३०० नॅनोग्रॅमवरून २००० वर नेली गेली. गांजाशी तिचा सुतराम संबंध नाही. काकांनी भाच्याला व्हिनेगर पाजले होते आणि नायसिनच्या, म्हणजे ब-३ जीवनसत्त्वाच्या, गोळ्या आणण्याचाही बेत होता. तो बारगळला हे त्या मुलाचे नशीब, कारण चाचणीला चकवण्यासाठी मूठमूठ नायसिन घेऊन रुग्णालयात पोचलेल्यांची नोंद अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने २००७ साली केलेली आहे आणि त्या गोळ्यांनी शरीरातला गांजा कमी होत नाही.

"पण तुम्हाला एवढी खात्री कशी, की हा ओढतो?" मी तिसरा पेला रिता करत विचारले.

काकांनी इकडेतिकडे पाहिले आणि पाकिटातून रुमालात गुंडाळलेली एक पट्टी काढली. घरी करण्याची चाचणी होती ती. त्यांनी गेल्या आठवड्यात भाच्याला न्हाणीघरात उभे करून ती केली होती. "दोन रेघा," ते कुजबुजले. "मुलीच्या वेळी दोन रेघा आल्या तेव्हा आम्ही आनंदाने नाचलो होतो. याच्या दोन रेघा पाहिल्या आणि मी मटकन खाली बसलो."

एवढ्यात नमुना घेणाऱ्या बाई भाच्याला बोलावायला आल्या आणि त्यांची नजर पट्टीवर पडली. "दोन रेघा म्हणजे निगेटिव्ह, काका," त्या चालता चालता म्हणाल्या. या पट्टीत पदार्थाचा अंश नसेल किंवा मर्यादेहून कमी असेल तरच दुसरी रेघ उमटते, ती पुसट असली तरी चालते, आणि अंश पुरेसा असेल तर ती उमटतच नाही. गरोदरपणाच्या पट्टीच्या हे नेमके उलट. भाच्याने पहिल्यांदाच भिंतीवरून नजर काढली आणि सावकाश स्वतःच्या डोक्यावरून हात फिरवला. काका बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "पट्टीच खराब असणार." भाचा आत गेला आणि दोन मिनिटांत भरलेली बाटली देऊन बाहेर आला. हे मला विशेष लागले.

अखेर मीही ४५ मिलिलिटर दिले, स्वच्छ झऱ्यासारखे, आणि तिथेच घात झाला. लघवीत क्रिएटिनिन नावाचे द्रव्य असते. ज्या अमेरिकी नियमांचा कित्ता आमच्या कंपनीने गिरवला आहे, त्यांनुसार ते डेसिलिटरमागे २० मिलिग्रॅमहून कमी असले आणि नमुन्याची घनताही मर्यादेखाली गेली, तर नमुना पातळ ठरतो. म्हणजे पाण्याने काही लपते की नाही हा प्रश्न दूरच, पाणी मात्र लपत नाही. कुठेतरी पाणी मुरते आहे असा संशय लोक एरवी नुसता बोलून दाखवतात, माझ्या बाबतीत तो मोजून अहवालात लिहिला गेला. कंपनी मला पाण्यात पाहते, हे मी आजवर गमतीने म्हणत असे.

काका निदान स्वतःच्या भाच्यापुरते चुकले. पत्रासोबत जोडलेल्या सूचनेत एचआरने लिहिले आहे की, 'कर्मचारी कामाच्या वेळी नशेत नसल्याची खात्री या चाचणीने होते.' होत नाही. लघवीत शोधला जातो तो शरीराने गांजा पचवल्यावर उरलेला अवशेष, आणि त्या अवशेषाला स्वतःची नशा नसते. तो मेदात साठणाऱ्या पदार्थापासून सुटत राहतो. कधीमधी ओढणाऱ्याच्या लघवीत तो काही दिवस सापडतो आणि रोज ओढणाऱ्याच्या लघवीत सोडल्यानंतरही महिनाभर किंवा अधिक सापडू शकतो. एखाद्याला नशेची चरबी चढली होती की नाही हे त्याची चरबी अशी उशिरा सांगते, पण कधी चढली होती आणि आज तो शुद्धीवर आहे का, हे सांगत नाही. प्राथमिक चाचणीची ५० नॅनोग्रॅमची आणि खातरजमेची १५ नॅनोग्रॅमची मर्यादा ओलांडली एवढेच कळते. उलट आमच्या विभागातले एक वरिष्ठ सोमवारी सकाळी ज्या डोळ्यांनी माझ्या अहवालांवर सही करतात, त्या डोळ्यांची कारणे मंगळवारपर्यंत शरीरातून नाहीशी झालेली असतात. चिठ्ठीत त्यांचे नाव निघालेच तर ते मंगळवारी निघो, अशीच माझी इच्छा आहे, कारण मला बढती त्यांच्याच हातून मिळायची आहे.

मी एचआरला फोन केला. माझा नमुना निगेटिव्ह आहे, मग पुन्हा कशासाठी, असे विचारले. पलीकडच्या मुलीने अत्यंत मृदू आवाजात सांगितले, की यात काहीही वैयक्तिक नाही. लघवीहून अधिक वैयक्तिक काय असते, हे विचारण्याचे मी टाळले. त्याऐवजी सोमवारी नेमके किती पाणी पिऊन येऊ, असे विचारले. कमी प्यायलो तर पुन्हा १८ मिलिलिटर, जास्त प्यायलो तर पुन्हा पातळ.

"नेहमी पिता तेवढंच प्या," ती म्हणाली.

कालपासून मी स्वयंपाकघरात पेला हातात घेऊन उभा राहतो, आणि नेहमी किती पाणी पितो ते मला काही केल्या आठवत नाही.