आनंदाचा तास आणि मुलांचा उरलेला दिवस

दिल्ली सरकारने जुलै २०१८ मध्ये आपल्या शाळांत बालवर्गापासून आठवीपर्यंत रोज ४५ मिनिटांचा ‘हॅपिनेस’चा तास सुरू केला, त्या वेळी उद्घाटनाला दलाई लामा आले होते आणि प्रयोगाची चर्चा देशभर झाली. आपल्या राज्यातही आता ‘आनंददायी शनिवार’ आला आहे. या उपक्रमांना माझा विरोध नाही. दप्तराविना शाळेत जायला कोणत्या मुलाला आवडणार नाही? मात्र कनिष्ठ महाविद्यालयात शिकवताना माझे मत असे होत गेले आहे, की ज्या दिनक्रमाने मुले खचतात त्याला हात न लावता आपण त्यातच आनंदाचा आणखी एक तास कोंबत आहोत.

ब्रिटनमधील ८५ शाळांत आठ हजारांहून अधिक मुलांचा समावेश असलेला ‘मायरियड’ हा अभ्यास झाला आणि त्याचे निष्कर्ष २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले. काही शाळांतील मुलांना सजगतेचे, म्हणजे माइंडफुलनेसचे, धडे देण्यात आले. बाकीच्या शाळांत भावनिक शिक्षण नेहमीप्रमाणेच चालू राहिले. नैराश्याचा धोका आणि एकूण मनःस्वास्थ्य पाहता या धड्यांचा वेगळा फायदा दिसला नाही, आणि बहुतेक मुलांनी घरी त्यांचा सराव जवळजवळ केलाच नव्हता. मला याचे मुळीच आश्चर्य वाटत नाही.

मार्टिन सेलिगमन यांचे नाव आज आनंदाच्या मानसशास्त्राशी जोडले जाते, पण त्यांची कारकीर्द सुरू झाली ती हतबलतेच्या अभ्यासापासून. १९६७ मध्ये स्टीव्हन मायर यांच्यासह केलेल्या प्रयोगांतून त्यांनी असे मांडले, की आपण काहीही केले तरी त्रास थांबत नाही असा अनुभव वारंवार आला, तर प्राणी हतबल व्हायला शिकतो. जवळपास पन्नास वर्षांनी, २०१६ मध्ये, याच दोघांनी मेंदूविज्ञानाच्या आधारे आपलाच सिद्धान्त उलटा केला: दीर्घकाळ त्रास झाला की निष्क्रिय होणे हा मेंदूचा मूळ प्रतिसाद आहे, आणि शिकावे लागते ते परिस्थितीवर आपले काही नियंत्रण आहे हे. शिक्षक आणि पालक या दोघांनीही हा बदल नीट समजून घ्यायला हवा. ‘इंटिग्रेटेड’, म्हणजे कॉलेज आणि प्रवेश परीक्षेचा क्लास एकत्र असलेल्या, अभ्यासक्रमातील अकरावीचा मुलगा पाहा. त्याची शाखा घरच्यांनी ठरवलेली असते, त्याची बॅच कोणती हे टेस्टच्या गुणांवरून ठरते, रविवारवर टेस्ट सिरीजचा हक्क असतो आणि जेवायची वेळही क्लासच सांगतो. त्या दिवसात त्याचा स्वतःचा निर्णय नेमका कोणता? आपल्या करण्याने काही बदलते हे ज्याने अनुभवलेच नाही, त्याला ‘सकारात्मक राहा’ असे सांगून काय साधणार आहे, हे मला कळत नाही.

यावर घरोघरी ठरलेले उत्तर असते: एवढी दोन वर्षे काढ, मग आयुष्यभर मजा आहे. मानसशास्त्रज्ञ डॅनियल गिल्बर्ट, टिमोथी विल्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये दाखवले, की नोकरीत कायम होणे अथवा न होणे यामुळे आपल्या सुखात किती फरक पडेल, याचा प्राध्यापकांनी बांधलेला अंदाज प्रत्यक्षापेक्षा खूपच मोठा होता. प्रौढ, सुशिक्षित माणसांची ही स्थिती. मग सोळाव्या वर्षीच्या मुलाला एका पर्सेंटाइलवर सारे आयुष्य अवलंबून आहे असे वाटले, तर नवल नाही. तो धाक आपणच घालतो.

झोपेबद्दल फारसे वाद नाहीत. किशोरवयात आठ ते दहा तास झोप लागते आणि या वयात शरीराचे घड्याळच उशिरा सरकते. सिएटलमध्ये २०१६ साली माध्यमिक शाळा जवळपास तासभर उशिरा भरू लागल्या, तेव्हा मुलांची झोप सरासरी ३४ मिनिटांनी वाढली. आपल्याकडे २०२४ मध्ये चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊनंतर भरवण्याचा निर्णय झाला, तो चांगलाच आहे. पण मोठ्या मुलांचे पहाटेचे क्लास तसेच राहिले.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालात २०२२ या एका वर्षात देशभरातील १३,०४४ विद्यार्थ्यांच्या आत्महत्यांची नोंद आहे, आणि त्यात महाराष्ट्राचा आकडा सर्वांत मोठा आहे. कारणे एकेरी नसतात, म्हणून सगळा दोष क्लासवर ढकलणे अन्यायाचे होईल. मनावर ताण असलेल्या कोणालाही ‘टेली मानस’ या सरकारी मदतवाहिनीच्या १४४१६ या क्रमांकावर मोफत बोलता येते, हा क्रमांक प्रत्येक वर्गात लावलेला असावा.

जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार शंभर किंवा त्याहून अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेने किमान एक प्रशिक्षित समुपदेशक नेमायचा आहे, आणि गुणांनुसार बॅच पाडणे व चारचौघांत मानहानी करणे शक्यतो टाळायचे आहे. पुढच्या पालकसभेत निकालाची टक्केवारी विचारण्याआधी समुपदेशक नेमला आहे का, तो कोणत्या दिवशी भेटतो आणि सगळ्यांच्या रँकची यादी व्हॉट्सअॅप ग्रुपवर का टाकली जाते, हे विचारावे. फी आपणच भरत असल्यामुळे उत्तर मिळायला हरकत नसावी.