पॉइंट कापा, पण आधी बिलं भरायला लावा

इंग्लंडमधल्या शेफिल्ड वेन्सडे क्लबचं प्रकरण झाल्यापासून आमच्या फुटबॉलच्या ग्रुपवर एकच रड चालू आहे, की पैसे मालकाने बुडवले तर पॉइंट क्लबचे का कापायचे, खेळणाऱ्या पोरांनी कुणाचं घोडं मारलंय. ज्यांनी फॉलो केलं नाही त्यांच्यासाठी, ऑक्टोबर 2025 मध्ये क्लब ॲडमिनिस्ट्रेशनमध्ये गेला, म्हणजे देणी भागेनात म्हणून सगळा कारभार ॲडमिनिस्ट्रेटरच्या हातात आणि नियमाप्रमाणे तिथल्या तिथे 12 पॉइंट वजा. खात्यात होते 6, झाले उणे 6. डिसेंबरमध्ये पगार थकवले म्हणून अजून 6 गेले. आणि मजा काय, चान्सिरी मालक असताना लोकांनी बहिष्कार टाकून क्लबचं ग्राउंड हिल्सबरो ओस पाडलं होतं, तो गेला नि पॉइंट कापले त्याच आठवड्यात तीच माणसं तिकिटं काढून हजर, दुकानाबाहेर रांगा. टेबलात तळाला आणि ग्राउंडवर दिवाळी!

आता माझं मत, शिव्या घालायच्या असतील तर पूर्ण वाचून घाला. पॉइंट कापणं बंद करायचं नाही. हा नियम आला का ते बघा. 2002 मध्ये लेस्टर प्रीमियर लीगमधून, म्हणजे सगळ्यात वरच्या डिव्हिजनमधून, खाली आली, नवीन स्टेडियम बांधलेलं, डोक्यावर 3 कोटी पाउंडांच्या आसपास कर्ज, ऑक्टोबरमध्ये ॲडमिनिस्ट्रेशन घेतलं, बरंचसं कर्ज पुसलं गेलं, टॅक्सवाल्यांना ठेंगा, आणि त्याच सीझनला हे लोक प्रमोट होऊन परत वर! एक पॉइंट कापला नाही. आता ज्या क्लबने परवडत नाही म्हणून स्ट्रायकर विकला, बिलं वेळेवर भरली आणि तरी मागे राहिला, त्याने काय करायचं, टाळ्या वाजवायच्या? म्हणून 2004 पासून 10 पॉइंटचा नियम आला (आता 12, प्रीमियर लीगमध्ये 9). त्यात पहिला सापडला रेक्सम, हो तोच, आता हॉलिवूडच्या नटांच्या मालकीचा, तेव्हा बिचाऱ्यांना कोण विचारत होतं, 10 पॉइंट गेले आणि खालच्या डिव्हिजनला गेले.

म्हणजे पॉइंट कापतात ते मालकाला शिक्षा म्हणून नाहीच, बाकीच्या क्लबांवर अन्याय होऊ नये म्हणून. एवढं डोक्यात बसलं की निम्मी भांडणं मिटतात.

पण नियमात भोक आहे आणि ते पहिल्यांदा नीट दाखवलं लीड्सने. मे 2007, टीम खाली जाणार हे जवळपास ठरलेलंच, मग केन बेट्सच्या क्लबने नेमकं तेव्हा ॲडमिनिस्ट्रेशन घेतलं, घ्या 10 पॉइंट, नाहीतरी आमच्या काय कामाचे. देणेकऱ्यांशी रीतसर तडजोड न करताच बाहेर पडले म्हणून पुढच्या सीझनला 15 कापले, तरी लीड्स पाचवी आली ते सोडा. आता खाली जाणाऱ्या क्लबची शिक्षा पुढच्या सीझनला ढकलतात. म्हणजे चापटी बसते ती कागद दाखल केले त्या दिवशी. आधीची तीन-चार वर्षं उधारीवर उड्या मारल्या त्याला काही नाही, आणि "आमच्याकडे पैसे नाहीत" हे ज्या दिवशी खरं बोलला त्या दिवशी दणका. मग मालक शेवटच्या घटकेपर्यंत लपवणारच ना.

आणि कधीकधी फारच चुकीच्या माणसाला बसते. विगन 2020. नवीन मालक आला आणि महिनाभरात क्लब ॲडमिनिस्ट्रेशनमध्ये, कोविड चालू, पंचाहत्तर जणांच्या नोकऱ्या गेल्या, तरी त्या पोरांनी हल सिटी क्लबला 8-0 हाणलं. 59 पॉइंट कमावले होते, म्हणजे आरामात मधोमध, 12 गेले आणि खाली. डर्बीचे पण 21 गेले, 55 चे 34 झाले, पण तिथे 9 हिशेबातल्या घोळाचे होते आणि मॅनेजर रूनीच्या पोरांबद्दल कितीही वाईट वाटलं तरी क्लबने केलं ते केलंच.

मला खरा राग वेगळ्याच गोष्टीचा आहे आणि त्यावर कुणी बोलत नाही. क्लब बुडाला की आधी प्लेयरचे पगार आणि दुसऱ्या क्लबांची ट्रान्सफरची देणी, तीसुद्धा पूर्ण. उरलं तर बाकीच्यांना. पोर्ट्समथ 2010 मध्ये बुडाला तेव्हा देणेकऱ्यांच्या यादीत सेंट जॉन ॲम्ब्युलन्स होती, म्हणजे मॅचला स्ट्रेचर घेऊन उभे राहणारे लोक! ठरलं काय, तर बाकीच्यांना पाउंडामागे, म्हणजे शंभर पेन्समागे, 20 पेन्स. टॅक्स खातं याविरुद्ध कोर्टात गेलं आणि 2012 मध्ये हरलं.

हे मला जास्त लागतं कारण आमचा पॅकेजिंगचा छोटा धंदा, एक मोठं गिऱ्हाईक एनसीएलटीत, म्हणजे आपल्याकडच्या दिवाळखोरीच्या कोर्टात, गेलं तेव्हा आम्ही पैसे मागायचा फॉर्म बी भरून बसलो होतो, माल पुरवणारा म्हणून ऑपरेशनल क्रेडिटर म्हणे, एवढं भारदस्त नाव आणि रांगेत सगळ्यात मागे. बँकांचं वाटून झाल्यावर आमच्या वाट्याला जे आलं त्यात वकिलाची फी निघाली नाही. त्यामुळे क्लबचा पाय (मॅचला खातात तो pie) विकणारा, लॉन्ड्रीवाला, छपाईवाला यांचं काय होत असेल ते मला सांगायला नको.

आता निदान लीगचा नियम आहे की ॲडमिनिस्ट्रेशनमधून बाहेर पडताना या लोकांना पाउंडामागे 25 पेन्स तरी द्या, किंवा 3 वर्षांत 35, नाहीतर अजून 15 पॉइंट. पंचवीस पैसे! आणि याला लोक कडक नियम म्हणतात.

माझं म्हणणं सरळ आहे. टॅक्स किंवा पुरवठादाराचं बिल थकलं की तिथेच दोन-तीन पॉइंट कापा, सीझन चालू असताना, म्हणजे फॅन्सना पण वेळेत कळेल की मालक काय दिवे लावतोय. आणि बुडालेल्या क्लबच्या नवीन मालकाने लॉन्ड्रीवाल्यासकट सगळ्यांचे 100 टक्के पैसे दिले तर 12 मधले 6 परत द्या. इंग्लंडमध्ये 2025 च्या कायद्याने नवीन रेग्युलेटर आलाय, क्लबला लायसन्स लागणार, मालकाच्या पैशाचा सोर्स तपासणार, बघू किती दात आहेत त्याला. आपल्या पुण्याच्या वेंकीजलाही त्यांच्या ब्लॅकबर्न क्लबसाठी त्याच्याच दारात जावं लागणार आहे. 2010 पासून तिथल्या लोकांच्या शिव्या खातायत, ते 12 पॉइंट मात्र अजून गेलेले नाहीत, कारण तोटा खिशातून भरतायत. आता कमेंटमध्ये या, पण "पोरांनी काय केलं" हे सोडून दुसरं काहीतरी घेऊन या.