‘एका दिवसाचं काम आठवडाभर रखडवलं’ या रिव्ह्यूला गॅरेजतर्फे उत्तर

नमस्कार साहेब,

तुमचा रिव्ह्यू वाचला. वाट बघावी लागली, सुट्टीत मोटारसायकल हाताशी नव्हती, त्याबद्दल माफी मागतो.

तुमचं म्हणणं असं, की चार वर्षांपूर्वी उभी केली तेव्हा गाडी व्यवस्थित चालू होती, म्हणजे ऑइल, बॅटरी, पेट्रोल बदललं की काम संपलं. त्याला आठवडा लावला आणि वर धूर सोडणारी गाडी हातात दिली. टायरचंही लिहिलंय, त्यावर पुढे बोलतो. पण ‘रखडवलं’ हा शब्द लागला. हे चार नवीन गिऱ्हाइकं वाचणार आणि आमचं पोट याच कामावर आहे, तेव्हा आठवडा कुठे गेला ते लिहिणं भाग आहे.

चालू गाडी उभी केलीत, हे शंभर टक्के खरं. पण टाकी अर्धी होती आणि कॉक, म्हणजे टाकीखालचा पेट्रोलचा नळ, उघडा होता. अर्ध्या टाकीत वरच्या मोकळ्या जागेत दमट हवा राहते, रात्री पत्रा गार झाला की आतून पाणी धरतं आणि तिथून गंज सुरू होतो. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल पाणी ओढतं. पाणी जास्त झालं की ते इथेनॉलसकट वेगळं होऊन तळाला बसतं. पेट्रोलमधला हलका, लवकर पेट घेणारा भाग उडून जातो आणि मागे डिंकासारखा चिकट थर उरतो. त्यात गाडी आणण्याआधी तुम्ही त्याच जुन्या पेट्रोलवर नवीन पेट्रोल ओतलंत आणि कारच्या बॅटरीला वायरी जोडून बराच वेळ सेल्फ मारलात. हे तुम्हीच सांगितलंत, म्हणून लिहितोय. नवीन ओतल्यानं जुनं पेट्रोल सुधारत नाही, उलट सुटलेला गंज आणि गाळ खाली कार्बोरेटरमध्ये, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनाला देणाऱ्या भागात, उतरतो. तसाच तो उतरला होता.

इंजिनाचं आधी सांगतो, कारण धुराचं उत्तर तिथेच आहे. इतकी वर्षं उभ्या गाडीत सिलिंडरच्या भिंतीवर ऑइल राहत नाही, पिस्टनच्या रिंगा कोरड्या असतात. म्हणून प्लग काढून त्या भोकातून ५ ते १० मिली इंजिन ऑइल सोडलं आणि रात्रभर मुरू दिलं. मग टॉप गिअर टाकून मागचं चाक हातानं हळूहळू फिरवलं. अशा वेळी किकवर उभं राहायचं नसतं. रिंग चिकटलेली असेल तर तुटते, नाहीतर किकचे दाते जातात. इंजिन मोकळं फिरल्यावरच सेल्फ मारला, तोही प्लग बाहेर काढून, कॅपमध्ये बसवून बॉडीला टेकवून. प्लग अधांतरी ठेवून सेल्फ मारला तर इग्निशनचा भाग जळू शकतो. सिलिंडरमध्ये सोडलेलं ते ऑइल गाडी चालू झाल्यावर जळतं, सायलेन्सरमधला ओलावाही बाहेर पडतो. सुरुवातीला निळसर पांढरा धूर दिसतो तो त्याचा. गाडी ताब्यात देताना हे सांगितलं होतं. दुसऱ्या दिवशी धूर नव्हता हे तुम्हीही लिहिलंय, फक्त अगदी तळाला.

आता टाकी. गंज घासून निघत नाही, आत हातच जात नाही. कॉक आणि गेजचा फ्लोट काढून भोकं बंद केली, आणि लिटरला साधारण ५० ते १०० ग्रॅम सायट्रिक अॅसिड गरम पाण्यात कालवून टाकी काठोकाठ भरली. याला रात्र लागते, गंज जाड असेल तर त्याहून जास्त. ते ओतून खायच्या सोड्याच्या पाण्यानं आतून धुवायची, परत साध्या पाण्यानं धुवायची आणि लगेच गरम हवेनं सुकवून आत ऑइलचा हात द्यायचा. मध्ये चहाला गेलात की उघडा पत्रा पुन्हा लाल! त्यानंतर खालच्या जोडावरून कुठे पाझरते का ते बघावं लागतं, कारण बारीक भोकं गंजानंच बुजलेली असतात, गंज गेला की ती उघडी पडतात. तुमची पाझरली नाही. घाईत हे सगळं गाळून नुसतं पेट्रोल बदललं असतं, तर गाडी त्याच दिवशी दिली असती आणि थोडी चालून पुन्हा बंद पडली असती.

कार्बोरेटरच्या वाटीत हिरवट थर बसला होता. पायलट जेट म्हणजे कमी रेसवर पेट्रोल सोडणारी बारीक नळी, तिचं भोक अर्ध्या मिलिमीटरहून बारीक असतं. ते बुजलं की गाडी फक्त चोकवर चालते, चोक बंद केला की मरते. त्यात तार घालणारे खूप आहेत. पण जेट पितळेचं असतं, तार घातली की भोक मोठं होतं, मग गाडी कायमची जास्त पेट्रोल पिते आणि प्लग काळा करते. आम्ही क्लीनरमध्ये भिजवून हवेच्या दाबानं उडवतो. त्याआधी सगळी रबरं काढावी लागतात, कारण क्लीनरनं ती फुगतात. डायाफ्राम, म्हणजे आतला रबराचा पातळ पडदा, उजेडात धरून ताणलं तर घडीवर बारीक चीर होती. ते तसंच बसवलं असतं तर गाडीनं रेस धरली नसती. डायाफ्राम आणि फ्लोटची सुई मागवावी लागली. खरी वाट बघावी लागली ती याचीच.

तेवढ्यात पुढचा ब्रेक खोलला. लिव्हर सोडल्यावरही चाक धरून ठेवत होतं. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं, म्हणून गाडी उभी असली तरी ते दर दोन वर्षांनी बदलायचं असतं. डॉट ४ प्रकारचं ब्रेक ऑइल कोरडं असताना किमान २३० अंशांना उकळतं, ओलावा धरल्यावर ही मर्यादा १५५ पर्यंत उतरते, म्हणजे उतारावर सतत ब्रेक दाबताना लिव्हर रिकामी जाऊ शकते. कॅलिपरचे, म्हणजे ब्रेकचे पॅड दाबणाऱ्या भागाचे, पिस्टन काढून साफ केले, सील नवीन टाकले, मास्टर सिलिंडरमधलं परतीचं बारीक छिद्र मोकळं केलं. ब्रेकचं काम तुम्ही सांगितलं नव्हतं हे मान्य. पण तसा ब्रेक ठेवून गाडी रस्त्यावर द्यायला आमचा हात धजला नाही, आणि खोलण्याआधी फोन करून तुमची परवानगी घेतली होती.

चिकटलेल्या क्लच प्लेटा सोडवल्या, चेन रॉकेलनं धुऊन ऑइल केली. बॅटरी रात्रभर चार्जिंगला लावूनही लोड दिल्यावर १०.५ व्होल्टच्या खाली जात होती, तेव्हा ती बदलणं भागच होतं.

‘नक्षी शाबूत असताना टायर विकायला बघितले’ असं लिहिलंय. आम्ही टायर विकलेही नाहीत, बदललेही नाहीत. टायरच्या बाजूला चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. तुमच्या टायरवर ३०१५ आहे, म्हणजे २०१५ चा तिसावा आठवडा. रिमजवळ बोट फिरवून बघा, भेगा नखाला लागतील. निर्णय तुमचा.

यापुढे गाडीला किती दिवस लागतील याचा अंदाज आणखी नीट सांगू, फोटोही पाठवत जाऊ, तशी काहीतरी सोय करतोय. स्टार वाढवा म्हणत नाही.

३०० किलोमीटर झाले की ऑइल बदलायला गाडी आणा, आत राहिलेला ओलावा आणि घाण पहिल्या ऑइलबरोबर सुटून येते. पेट्रोल फिल्टरही तेव्हाच बघू. तोवर रोज थांबल्यावर कॉक बंद करा. आणि चोक काढल्यावर गाडी मरायला लागली तर कुणाला जेटमध्ये तार घालू देऊ नका, तशीच घेऊन या.