वाघाने म्हैस मारली तर खर्च कुणाचा?

पावसाळा लागला की आमच्या गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात रविवारी दुचाकी काढायचीसुद्धा सोय राहत नाही. चोर्ला घाटातून खाली गाड्यांची रांग, आणि धबधब्याच्या वाटेवर स्पीकर, चिप्सची पाकिटं, फुटलेल्या बिअरच्या बाटल्या. गुरं त्याच वाटेने पाण्यावर जातात. काचेने खूर कापलेलं जनावर कसं लंगडतं ते बघायचं असेल तर सोमवारी सकाळी या. आणि हे सगळं हल्ली 'इको-टुरिझम'मध्ये मोडतं! सारवलेलं अंगण, दोन बांबूच्या खुर्च्या, की पाटीवर 'इको' लिहायला मोकळे.

तरी मी पर्यटनाच्या विरोधात नाही. मोरजी, आगोंद, गालजीबागच्या किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात. एकेकाळी ती अंडी सर्रास खाल्ली जायची. आज त्याच गावांतले लोक रात्री घरट्यांवर पहारा देतात, कारण जिवंत कासव गावाच्या कामाचं आहे हे त्यांना पटलंय. पण गोची अशी की कासवांचा हंगाम आणि पर्यटकांचा हंगाम एकच. अंड्यातून निघालेलं पिल्लू उजेडाकडे चालतं. काळोख्या रात्री समुद्राचा उजेड त्याला पुरतो, पण मागे शॅकचे, म्हणजे किनाऱ्यावरच्या खाण्यापिण्याच्या झोपड्यांचे, दिवे ढणढणत असतील तर ते उलट्या दिशेला जातं. म्हणजे कासव बघायला आलेल्यांच्या सोयीसाठी लावलेल्या दिव्यानेच कासव मरतं.

कुळ्यातली गोष्ट वेगळी. 2012मध्ये खाणी बंद झाल्या, खनिजाचे ट्रक दारात उभे राहिले, तेव्हा दूधसागर धबधब्यावर पर्यटक नेणाऱ्या जीपनी कितीतरी चुली पेटत्या ठेवल्या. त्या जीप अभयारण्यातूनच, ओहोळ तुडवत जातात, हे खरं. पण 'जीप बंद करा' असं पणजीत बसून म्हणणाऱ्याने आधी पर्याय सांगावा. निदान तिथे पैसा गावात तरी राहतो.

मला चीड येते ती रात्रीच्या 'जंगल वॉक'वाल्यांची. सगळे तसे नाहीत. आमच्याकडची काही पोरं बेडकाच्या नुसत्या आवाजावरून जात सांगतात, सापाला हात लावत नाहीत आणि लावूही देत नाहीत. पण बाहेरून गट घेऊन येणारे काही महाभाग चापडा साप काठीने उचलून 'चांगल्या' फांदीवर मांडतात, तोंडावर टॉर्च मारतात आणि दहा कॅमेरे संपेपर्यंत त्याला हलू देत नाहीत.

जानेवारी 2020मध्ये म्हादई अभयारण्यात, गोळावलीला, चार वाघ विषाने मेले. त्यांनी गुरं मारली होती. आरोपी म्हणून धरले गेले ते गावातलेच. विष घालणं गुन्हाच आहे, त्यात किंतु-परंतु नाही. पण वाघाच्या नावावर खोल्या भाड्याने देणारा एक, आणि वाघाने मारलेल्या म्हशीच्या भरपाईसाठी कागद घेऊन खेपा घालणारा दुसराच, असं असेल तर त्या दुसऱ्याने वाघावर माया का करावी? कुमेरी, म्हणजे डोंगरावरची फिरती शेती, करू नको, गुरं आत सोडू नको, हेही त्यालाच सांगायचं आणि रिसॉर्टचा रस्ता मात्र रुंद करून द्यायचा!

म्हणून माझी मागणी सरळ आहे. धबधब्यावर दिवसाला किती गाड्या सोडायच्या ते ग्रामसभेने ठरवावं. पार्किंगचे आणि प्रवेशाचे पैसे पंचायतीत जमा व्हावेत, आणि जनावर मेलं की त्यातला पहिला हप्ता त्याच आठवड्यात धन्याच्या हातात पडावा, सरकारी भरपाई येईल तेव्हा येईल. वाटाडे गावातलेच. येत्या ग्रामसभेत मी हे मांडणार आहे. सत्तरीतल्या मंडळींनी रविवारची झोप मोडून यावं, नाहीतर ठराव दरवेळेसारखाच पाचदहा माणसांत उरकला जाईल.