उसवलं की वो!

गेल्या मंगळवारी खानापूर-बेळगाव बसमध्ये सत्तरीतल्या एका गृहस्थांनी माझे २६ पॉपकॉर्न उसवले. खाल्ले असते तर एवढं वाटलं नसतं.

पॉपकॉर्न हा क्रोशाचा टाका. एकाच भोकात पाच खांब, म्हणजे उभे लांबट टाके, घालायचे, मग सुई फासातून काढून घ्यायची, पहिल्या खांबाच्या डोक्यात घालायची आणि मोकळा सोडलेला फास तिथून ओढून आणायचा. पाचही खांब एकदम कमरेत वाकतात आणि कापडावर टपोरा फुगा उभा राहतो. 'सुई काढून घ्यायची' एवढं लक्षात ठेवा. घात तिथंच झाला.

मुलगा सात वर्षांचा झाला म्हणून त्याला स्वतःची खोली मिळाली. खोली म्हणजे आजवर जिथं जुना पंखा, इस्त्रीचे कपडे आणि गणपतीचं मखर नांदत होतं ती जागा. तिथल्या पलंगावर दोन चौकोनी उश्या पाहिजेत आणि त्या हाताला डायनासोरच्या पाठीसारख्या लागल्या पाहिजेत, अशी मागणी आली. डायनासोरची पाठ घरात कुणीच चाचपलेली नसल्यामुळे नमुना पास व्हायला अडचण नव्हती. नवऱ्यानं लगेच मोबाइलवर दाखवलं, दोनशे रुपयांना दोन खोळी, वर डायनासोर छापलेला. (पुण्याकडचे अभ्रा म्हणतील. आमच्यात खोळ.) मी म्हटलं, छापलेला हाताला लागत नाही. हे वाक्य मला फार महागात पडलं आहे.

फुगे लोकर खातात हे ऐकून होते, इतकी खातात हे माहीत नव्हतं. १६ इंची उशीला खोळ पंधराची विणली, म्हणजे ती ताणून बसते आणि फुगे नीट वर येतात. मागची बाजू साधी ठेवली. तरी शंभर ग्रॅमच्या तीन गुंड्यांचा हिशेब पाचवर गेला, आणि पाचवी घ्यायला गणपत गल्लीत गेले तर रंग तोच, नंबर तोच, पण लॉट वेगळा. दुकानदार म्हणाला, "काय फरक नाही वो." फरक आहे. उजेडात धरलं की डायनासोरला कोड फुटल्यासारखं दिसतं.

नमुना सांगणाऱ्या व्हिडिओतल्या बाई सारख्या 'डबल क्रोशे' म्हणत होत्या. आता अमेरिकेतलं डबल म्हणजे इंग्लंडातलं ट्रेबल, आणि इंग्लंडातलं डबल म्हणजे अमेरिकेतलं सिंगल, ही गोष्ट मला आठ ओळी विणून झाल्यावर कळली. चौकोन उभा वाढून लोडाच्या मापाचा झाला होता. आईनं शिकवलेलं बरं होतं: साखळी, मुका खांब, अर्धा खांब, खांब. मुका खांब आपला बुटका, कुणाच्या अध्यात ना मध्यात. खरं तर एकाच वस्तूला दोन नावं असण्याची आम्हाला सवय पाहिजे. १ नोव्हेंबर २०१४ ला आमच्या गावाचं सरकारी नाव बेळगावी झालं. बसच्या पाटीवर एक, आमच्या तोंडात दुसरं. पण त्यानं बस चुकत नाही. खांब चुकला तर सगळं उसवावं लागतं. आणि मी ते माझ्या हातानं, माझ्या घरात, दार लावून उसवलं होतं. उसवण्याचीही काही अब्रू असते.

तर बस. माझी नोकरी खानापूरला, राहणं बेळगावात. ११ जून २०२३ पासून कर्नाटकात बायकांना सरकारच्या साध्या बसमधून प्रवास फुकट आहे. आधार कार्ड दाखवायचं, शून्य रुपयाचं तिकीट घ्यायचं. योजनेचं नाव शक्ती. या शक्तीमुळे बसमध्ये इतक्या बायका मावलेल्या असतात की विणताना कोपर हलवायची शक्ती उरत नाही. मंगळवारी मात्र नशिबानं खिडकी मिळाली. शेजारी पांढरी टोपी, पांढरा सदरा, आणि मांडीवर पोत्यात गुंडाळलेला भला मोठा फणस घेऊन हे गृहस्थ बसले. पोतं एका बाजूनं फाटलं होतं. त्यांनी एकदा फणसाकडं बघितलं, एकदा माझ्या हातातल्या विणकामाकडं.

"काय विणूलाय वो?"

"उशीची खोळ."

"उशीला? टोचतंय न्हवं?"

"मुलाला तशीच पाहिजे."

ते जरा गप्प बसले. मग आवाज उतरवून म्हणाले, "पोरगं काय वाईट वागलंय काय?"

मी हसले. चूक झाली. बसमध्ये हसलं की पुढच्या फाट्यापर्यंतचं बोलणं आपण विकत घेतलेलं असतं.

"मी वडगावचा. चाळीस वर्सं मागावर बसलोय." वडगाव, शहापूर, खासबाग म्हणजे आमच्याकडची विणकरांची वस्ती. लहानपणी आजोळी जाताना त्या गल्ल्यांत शिरलं की खटक्-खटक् सुरू व्हायचं आणि गल्ली संपली तरी कानात चालू राहायचं. त्यामुळे मला उगाच आदर वाटला आणि मी खोळीचं टोक त्यांच्या हातात दिलं. दुसरी चूक. त्यांनी ते अंगठा आणि बोटात धरून, डोळे मिटून, शालू पारखावा तसं चोळलं.

"ह्यात ताणा कुठला?"

"ताणा नाही ह्यात."

"मग बाणा?"

"तोपण नाही. एकच धागा असतो."

त्यांनी चष्मा काढला. "हासु इल्ला, होक्कु इल्ला," त्यांनी फणसाला कानडीत कळवलं. मग माझ्याकडं वळून म्हणाले, "उभा धागा न्हाई, आडवा न्हाई, म्हंजे कापड न्हवंच हे."

"मग काय आहे?"

झाडशहापूर येईपर्यंत त्यांनी विचार केला. "गाठ," ते म्हणाले. "लय मोठी गाठ."

मी तीन आठवडे विणत होते. मोठी गाठ!

इथं मागच्या सीटवरच्या बाईनं तोंड घातलं. तिला कुणी विचारलं नव्हतं. "मामा, गाठ कशी असंल? गाठ सुटत न्हाई. हे वढलं की भराभरा सुटतंय. आमच्या जावंचं बघितलंय मी."

"वढलं की सुटतंय?"

हे त्यांनी ज्या आवाजात विचारलं तो आवाज मी ओळखायला पाहिजे होता. घरात तसाच एक सात वर्षांचा आवाज आहे. 'पंख्यात पेन्सिल घातली तर काय होतं' हे तो याच सुरात विचारतो. पण नेमके तेव्हाच माझे पाच खांब पुरे झाले होते, मी सुई काढून घेतली होती, फास मोकळा होता, आणि समोर कंडक्टर उभा होता. "आधार तोरस्री."

मी पर्समध्ये वाकले. आधार कार्ड नेहमी जिथं असतं तिथं नव्हतं.

कानावर आलं, टप्.

पॉपकॉर्न उसवताना आवाज येतो हे मला त्या दिवशी कळलं. पहिल्या खांबाच्या डोक्यातून फास सुटला की टप्, मग पाच खांब सर्रकन. टप्, सर्र. टप्, सर्र. मान वर केली तर मामा विहिरीतून पोहरा ओढावा तसा दोन्ही हातांनी धागा ओढत होते, आणि त्यांच्या तोंडावर जो आनंद होता तो मी आमच्या घरात कुणाच्या तोंडावर दिवाळीतसुद्धा बघितलेला नाही.

"अहो मामा, काय करताय!"

"बघूलोय," ते हात न थांबवता म्हणाले. "कुठवर जातंय, बघूलोय."

माझा एक हात पर्समध्ये, दुसऱ्या हातातलं कार्ड कंडक्टरनं घेतलेलं, आणि तो सावकाश फोटो बघतोय, मला बघतोय, परत फोटो बघतोय. चालू ओळीतले ११ पॉपकॉर्न गेले. खालची मुक्या खांबांची अख्खी ओळ गेली, ती बिचारी गपचूप गेली. तिच्याखालचे १५ गेले. कार्ड परत मिळाल्यावर मी झडप घालून खोळ ओढून घेतली. २६ पाचे १३० खांब. मागची बाई म्हणाली, "मी म्हटलं न्हवतं?"

वाटलं, आता तरी हा माणूस ओशाळेल. मामा समाधानानं मागं टेकले. "खोटं न्हाई बोलला तुम्ही," ते म्हणाले. "एकच धागा हाय."

मग त्यांनी मांडीवर पडलेली लोकर गोळा केली आणि फणसावर हात टेकून गुंडाळायला घेतली. कांड्या भरण्यात आयुष्य गेलेला माणूस. मच्छे, पिरनवाडी, उद्यमबाग, त्यांची बोटं थांबली नाहीत. गोळा एवढा घट्ट आणि गोल झाला की बेळगावच्या कुठल्याही गल्लीत त्यानं क्रिकेटचा सामना झाला असता. तो माझ्या हातात देत म्हणाले, "परत विणा की. मला तिकीट पडतंय, तुम्हाला फुकट. बसूनच जायचं असतंय न्हवं?"

उसवल्याचा राग गेला असता. हे वाक्य मात्र अजून जात नाही. कारण ते एकट्या मामांचं नाही. घरी सांगितलं तर नवरा म्हणाला, "अगं, बसमध्ये नुसतीच तर बसलेली असतेस." कचेरीतली मैत्रीण दर चार दिवसांनी विचारते, "तुला वेळ कसा मिळतो गं?" आणि लगेच म्हणते, "मलापण एक करून दे की. लोकर मी आणून देते." लोकर ती आणून देणार. म्हणजे लोकरीला किंमत आहे. हात शून्य रुपयाच्या तिकिटावर आलेले. एका खोळीला ३०० पॉपकॉर्न, म्हणजे १५०० खांब. बेळगावच्या किल्ल्यातल्या कमल बस्तीचे, म्हणजे जुन्या जैन मंदिराचे, खांब लोक लांबून बघायला येतात, त्यांना हात लावून बघतात, पण ते ओढून बघायचं कुणाला सुचत नाही. दगडाचे असल्याचा एवढा फायदा.

मामांच्या गोळ्यानं नंतरही सूड उगवला. इतकी घट्ट गुंडाळलेली लोकर ताणून निर्जीव होते हे मला कळायला हवं होतं. ती गरम पाण्याच्या वाफेवर धरायला हवी होती, पण रागात तशीच विणली. त्या चार बोटांच्या पट्ट्यात फुगे बारीक आले आणि खोळीला मधोमध कंबर पडली. उशी भरली की वर पोट, खाली पोट, मध्ये करगोटा. मुलानं हात फिरवून बघितलं आणि "दुसरी कधी?" एवढंच विचारलं.

दुसरीच्या सातव्या ओळीवर आहे. काल मामा परत त्याच बसला होते. या वेळी फणस नव्हता, हात मोकळे होते. दोन सीट पुढून त्यांनी मला ओळखलं आणि शेजारच्या माणसाला मोठ्यानं सांगितलं, "ह्या अक्कांचं मी उसवलो की वो त्या दिवशी! एकच धागा, बघा, एकच!" तो माणूस उठून बघायला लागला. मामा जागा बदलून माझ्या शेजारी येऊन बसले. तेवढ्यात कंडक्टर आला. "आधार तोरस्री."

मी सुई फासातून काढली नाही. आधार कार्ड दातात धरून त्याच्यापुढं तोंड केलं.