धुळ्याच्या पेठेतील घर आणि मालकीची कागदपत्रे
जुन्या वस्तीत घर घेताना सागवानी खांब, तुळया आणि धाबे (मातीचे सपाट छत) तपासले की पुरे, असे जुनी घरे घेण्याविषयीच्या एका लेखात म्हटले आहे; ते मला अपुरे वाटते. धुळ्याची पेठ 1819 च्या सुमारास ब्रिटिश अधिकारी कॅप्टन ब्रिग्ज यांनी आखली आणि तिच्या सरळ गल्ल्या आजही क्रमांकानेच ओळखल्या जातात. पण तेथील घरांची मालकी मात्र तितकी सरळ राहिलेली नाही. आजोबांच्या नावावरील मालमत्ता पत्रकावर (जागेच्या मालकीच्या सरकारी नोंदीवर) वारसांची नोंदच झालेली नसते, बहिणींचे हक्क विचारात घेतलेले नसतात आणि घरपट्टीची पावती म्हणजेच मालकीचा पुरावा, असे विकणारा मनापासून मानत असतो.

आम्ही याच भागात घर घेतले तेव्हा बांधकामाची चिंता फारशी पडली नाही, कारण खारी माती टाकून धाबे नीट करणारे कारागीर अजून मिळतात. खरा वेळ गेला तो एका परगावी राहणाऱ्या वारसाचे हक्कसोडपत्र (आपला वाटा सोडल्याचा दस्त) नोंदवून घेण्यात आणि शेजाऱ्यांबरोबरची सामाईक भिंत नेमकी कोणाची, हे नगर भूमापन (सिटी सर्व्हे) नकाशावरून ठरवण्यात. खाली जुना भाडेकरू असेल तर त्याला महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 चे संरक्षण आहे, आणि घर विकत घेतल्याने ते संपत नाही. म्हणून इसार देण्यापूर्वी वकिलाकडून घराच्या मालकीच्या मागील तीस वर्षांच्या नोंदींचा शोध अहवाल घ्यावा, सर्व वारसांच्या सह्या होतील याची खात्री करावी आणि मगच गवंड्याला बोलवावे.