चोरदिंडी नसलेलं रबाउल

"वेकवाले पंधरा दिवस झुंजले, तुमचे ऑस्ट्रेलियन रबाउलात दुपार व्हायच्या आत पळाले. मावळा असता तर गड सोडला नसता." गडकिल्ल्यांवरून रोज हमरीतुमरीवर येणाऱ्या आमच्या पुणेरी गटात हे वाक्य तीन दिवस फिरतंय. दुसऱ्या महायुद्धात जपान्यांनी घेतलेली ही दोन ठाणी: प्रशांत महासागरातलं वेक बेट अमेरिकनांचं, रबाउल ऑस्ट्रेलियनांचं. यातला 'तुमचे' मेलबर्नला राहणाऱ्या मला जास्त झोंबला, पण आधी हिशेब.

वेकनं 11 डिसेंबर 1941 ला पहिली चढाई परतवली, हायाते आणि किसारागी या दोन जपानी विनाशिका बुडवल्या, हे खरंच. त्यांच्याकडे पाच इंची सहा तोफा होत्या आणि वाइल्डकॅट लढाऊ विमानं. तरी 23 डिसेंबरला वेकनंही शरणागतीच पत्करली. कौतुक करताना ही तारीख बरोब्बर गळते.

आता रबाउल. न्यू ब्रिटन बेटाचं उत्तर टोक, ज्वालामुखींच्या कुशीतलं सुरेख बंदर. राखायला सुमारे 1,400 माणसं, त्यांचा कणा म्हणजे व्हिक्टोरियात उभी राहिलेली 2/22 बटालियन. प्रेड पॉइंटला सहा इंची दोनच तोफा, त्याही एकीच्या डोक्यावर एक बसवलेल्या. शेजारीशेजारी तोफा ठेवू नयेत हे गोलंदाजाला कळतं, कारण एका बॉम्बमध्ये दोन्ही जातात. पण उतारावर वरखाली ठेवल्या की वरची ढासळून खालचीवर येते. 22 जानेवारी 1942 च्या हवाई हल्ल्यात वरची तोफ उखडली आणि खालचीही निकामी झाली. बंदराच्या तोंडाशी मारा करणारं दुसरं काही उरलं नाही.

विमानांची गोष्ट त्याहून केविलवाणी. विरावे हे आमच्या फिशरमन्स बेंडला बांधलेलं, मुळात शिकाऊ वैमानिकांसाठीचं विमान. पुढे दोन मशीनगन, मागे एक, वेग जपानी झीरो लढाऊ विमानाच्या दोनतृतीयांशाच्या आसपास. 20 जानेवारीला शंभराहून जास्त जपानी विमानं आली, तेव्हा आठ विरावे त्यांच्यासमोर होती. तीन पाडली गेली, दोन कोसळत उतरली, एकाची मोडतोड झाली. सगळा खेळ दहाएक मिनिटांचा. याला पळणं म्हणायचं असेल तर म्हणा बापडे.

23 च्या पहाटे अडीचच्या सुमारास मेजर जनरल होरींच्या सुमारे पाच हजारांच्या जपानी फौजेनं किनारा गाठला. व्हल्कन ज्वालामुखीपाशी एका ऑस्ट्रेलियन कंपनीनं त्यांना चांगलं झोडपलंही. पण किनारा लांब, माणसं मोजकी. न अडवलेल्या जागांतून शत्रू मागे पोचला, टेलिफोनच्या तारा तुटल्या, कोण कुठे आहे हे कुणालाच कळेना. मग हुकूम आला: ज्यानं त्यानं आपापला जीव वाचवावा.

गटातल्या वीरांना माझा प्रश्न इथे आहे. जीव वाचवायचा कसा? रामचंद्रपंत अमात्यांनी आज्ञापत्रात बजावलंय की किल्ल्याला एकच दरवाजा हा मोठा दोष, दोनतीन दरवाजे आणि चोरदिंड्या हव्यातच. रबाउलला चोरदिंडी नव्हती. आत बायनिंग डोंगरांत ना धान्याचं कोठार, ना क्विनाइनचा साठा, ना वाटा माहीत. साठा का नव्हता? कारण रबाउलच्या फौजेचे प्रमुख कर्नल स्कॅनलननी ख्रिसमसच्या सुमारास लेखी हुकूम काढला होता की माघार होणार नाही, म्हणजे नाही. 'गड सोडायचा नाही' हेच ते, फक्त इंग्रजीत. माघार होणारच नसेल तर डोंगरात तांदूळ आणि डबे कशाला नेऊन ठेवायचे? घोषणेचा हा असा व्यावहारिक परिणाम होतो.

आणि वरच्यांना माहीत होतं. डिसेंबरातच ऑस्ट्रेलियाच्या सेनाप्रमुखांनी ठरवलं होतं: कुमक पाठवायची नाही, माणसंही काढायची नाहीत. बेट टिकणार नाही हे धरूनच.

पुढचं जंगलात घडलं. डास चावल्यापासून हिवताप अंगात भरायला दहाबारा दिवस लागतात, म्हणजे चाल जेव्हा सगळ्यात अवघड होती तेव्हाच तापानं गाठलं. पावसात बूट कुजले, पायाच्या जखमा चिघळल्या, लोकांच्या मळ्यातल्या अळकुड्यांवर दिवस काढले. 4 फेब्रुवारीला टोल मळ्यात हाती लागलेल्या सुमारे 160 जणांना जपान्यांनी मारलं. सुमारे 400 जण सुटले, तेही मुख्यतः मॅकार्थी नावाच्या गस्त अधिकाऱ्यानं उत्तर किनाऱ्यावर माणसं गोळा केली आणि 'लाकाटोई', 'लाउराबाडा' ही छोटी जहाजं मिळाली म्हणून. उरलेल्यांतले बहुतेक कैदी होऊन 'मॉन्टेव्हिडिओ मारू' या जपानी जहाजावर गेले. 1 जुलै 1942 ला अमेरिकन पाणबुडीनं ते बुडवलं. आत हजारावर कैदी आहेत हे तिला ठाऊक असणं शक्य नव्हतं. सांगाडा सापडला 2023 च्या एप्रिलात, चार हजार मीटरहून खोल.

पुरंदरच्या तहात महाराजांनी 23 किल्ले दिले, 12 राखले, तेव्हा 'पळाले' हा शब्द आपण वापरत नाही. वापरूच नये. पण तीच समज मेलबर्नमधल्या ब्रन्सविकच्या पोरांना का नाही? हो, ब्रन्सविकची. 2/22 च्या बँडमध्ये सॅल्व्हेशन आर्मीचे वादक होते, युद्धातून एकच परतला. ट्रॅम नंबर 19 जाते तिथून.

आता त्या 'तुमचे'बद्दल. सिंगापूरला पकडलेल्या हिंदी शिपायांनाही जपान्यांनी मजुरीला न्यू ब्रिटनला नेलं होतं. रबाउलजवळच्या बिटा पाका दफनभूमीत ऑस्ट्रेलियनांसोबत त्यांच्याही कबरी आहेत. तिकडे भारतात त्यांच्यावर वाद असा की ते इंग्रजांचे चाकर की देशभक्त, आणि इकडे अँझॅक डेला, म्हणजे ऑस्ट्रेलियाच्या सैनिक स्मृतिदिनाला, त्यांचं नाव कुणी घेत नाही, मीही इतकी वर्षं घेतलं नव्हतं. 2/22 चं वर्णन करताना 'आमची बटालियन' असं बोटं टंकतात, मग खोडतो, मग पुन्हा तेच टंकतात. 'आमचे शिपाई' हे मात्र मला स्वतःला आठवण करून द्यावं लागलं. 'तुमचे' म्हणणाऱ्याला तेवढं तरी कळलं होतं.